अर्जुनाचा सत्कार

एखाद्याला कामावरून काढायचं असेल आणि वर त्यानं तुमचेच आभार मानावेत अशी हौस असेल, तर आमच्याकडे या. आम्ही त्याचा सत्कार करतो. फेटा, शाल, हार, टाळ्या, फोटो. माणूस स्टेजवर चढतो तेव्हा त्याच्याकडे काम असतं, उतरतो तेव्हा हातात नारळ असतो. शनिवारी इस्लामपुरात अर्जुनाचं हेच झालं आणि मी तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. ते आठवलं की मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

आधी पाणपाळी काय ते सांगते, म्हणजे माझा राग कशावर आहे ते कळेल. पाणपाळी हे एक सॉफ्टवेअर आहे. आमच्या कालव्यावर एकेचाळीस गावांच्या पाणी वापर संस्था आहेत. आवर्तन सुटलं, म्हणजे कालव्याला पाळीचं पाणी सोडलं, की कुठल्या गावाला किती तास पाणी, आणि कोणाच्या आधी कोण, याचा तक्ता पाणपाळी काढून देते. ती कोणाच्या मालकीची नाही. ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांसमोर उघडा. कोणीही वाचावा, चूक दाखवावी, दुरुस्ती सुचवावी, हवी तर स्वतःची प्रत काढून चालवावी. फक्त सुचवलेली दुरुस्ती मूळ कोडात घ्यायची की नाही, हे ज्याच्याकडे किल्ली असेल तो ठरवतो. पाच वर्षं ती किल्ली अर्जुनाकडे होती, कारण हे सगळं त्यानंच लिहिलं.

अर्जुना कालव्याच्या टोकाच्या गावचा, हिवरवस्तीचा. त्याच्या आज्यापर्यंत सगळं घर मेंढरांमागं फिरलेलं. तो शिरवळला एका कारखान्यात मशिनं दुरुस्त करतो आणि ड्यूटी सुटल्यावर खोलीवर बसून कोड लिहितो. पगार कारखान्याचा, पाणपाळीचं काम फुकट. आणि पाणपाळीत त्याचा एकच हट्ट होता: पाणी टोकापासून सुरू करायचं. आधी शेवटचं गाव, मग त्याच्या वरचं, असं करत करत तोंडाशी यायचं. कागदावर नियम जुनाच होता, पण कागदाला कोण विचारतो. पूर्वी पाणी सुटलं की तोंडाशी असलेली उसाची गावं पोटभर प्यायची आणि हिवरवस्तीला चिखल पोचायचा, तोही पोचला तर.

आणि मी? मी तोंडाशी असलेल्या गावची. आमचा चौदा एकर ऊस कालव्याला खेटून आहे. माझे वडील, भाऊसो, फौजेतून सुभेदार म्हणून आले आणि आता आमच्या पाणी संस्थेचे अध्यक्ष आहेत. कालव्याचं पहिलं दार आमच्या गावात, म्हणून आवर्तनाच्या आदल्या दिवशी तक्त्यावर त्यांची सही होते आणि मगच कालव्यावरचा पाटकरी दारं उघडतो. बाकीची चाळीस गावंही आपापल्या कॉम्प्युटरवर तोच तक्ता काढतात आणि सहीच्या तक्त्याशी ताडून बघतात. सगळीकडे एकच तक्ता निघतो म्हणून भांडण होत नाही.

पाणपाळीत माझं काम बातम्या लिहिण्याचं. दर महिन्याला 'पाणपाळीच्या बातम्या' नावाचं पत्र मी सगळ्या संस्थांच्या सचिवांना आणि दोनशे-सव्वादोनशे स्वयंसेवकांना पाठवते. नवीन आवृत्ती कुठली, कुठून उतरवून घ्यायची, काय दुरुस्त झालं. पाचगणीच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या रेश्मानं तक्त्यातली अक्षरं मोठी केली, आता म्हाताऱ्यांना चष्मा शोधावा लागत नाही. असलं सगळं. सचिव मंडळी कोडबिड बघत नाहीत. पत्रात जी आवृत्ती सांगितली तीच लावतात.

वर्षातून एकदा मेळावा. पहिले चार मेळावे कसे झाले ते ऐका. एक शाळेच्या खोलीत, एक पंपहाउसमध्ये, दोन हिवरवस्तीच्या समाजमंदिरात. तीस-चाळीस माणसं, पिठलं-भाकरी, आणि दिवसभर चुका शोधणं. जो चूक सापडवेल त्याला गुळाची ढेप. एका वर्षी एका सचिवाच्या बायकोनं सात चुका काढल्या आणि सात ढेपा ओच्यात बांधून नेल्या. अर्जुना प्रत्येक चुकीला खूश व्हायचा. दुसऱ्यानं आपली चूक दाखवल्यावर खूश होणारा पुरुष मी तरी आमच्या भागात दुसरा पाहिलेला नाही.

या वर्षीचा मेळावा उदयसिंहनं मागून घेतला. उदयसिंह माझा चुलत भाऊ, आमच्या शेजारीच त्याचा नऊ एकर ऊस. तालुक्यातल्या कुठल्याशा युवक मंडळाचा अध्यक्ष आहे आणि त्याला कोडमधलं ओ की ठो कळत नाही. पण गेल्या वर्षभरात त्यानं पगारी माणूस ठेवून एकच दुरुस्ती तीनदा सुचवली होती: तक्त्याचा क्रम उलटा करा, तोंडापासून सुरू करा. अर्जुनानं तिन्ही वेळा ती परत पाठवली. रागानं नाही, हिशेबवार कारणं लिहून, सगळ्यांना दिसेल अशी. तोंडाशी असलेल्यांना उशिरा पाणी मिळालं तरी विहिरी आहेत, टोकाला विहिरींना पाणी नाही, वगैरे. शेवटी त्यानं लिहिलं होतं, 'याहून चांगला उपाय असेल तर जरूर सुचवा.' एवढी सभ्यता मला जमली नसती.

आणि मग मी माती खाल्ली. दोन महिन्यांपूर्वीच्या पत्रात मी लिहिलं: 'अर्जुना थकला आहे. पाच वर्षं एकट्यानं ओझं वाहतो आहे. त्याला विसाव्याची गरज आहे.' मला म्हणायचं होतं की चार जणांनी हात लावा. उदयसिंहनं त्यातलं त्याला हवं तेवढं उचललं.

शनिवारी मंगल कार्यालयाच्या दारात पंचवीस फुटी फ्लेक्स. त्यावर उदयसिंहचा फोटो माणसाएवढा आणि अर्जुनाचा काड्यापेटीएवढा. आत आठशे माणसं. त्यातल्या सातशेंना पाणपाळी म्हणजे काय ते माहीत नव्हतं, जेवण आहे हे माहीत होतं. चुका शोधायची टेबलं स्वयंपाकघराच्या बाजूला, बेसिनपाशी लावलेली. स्टेजवर सोफे, सोफ्यांवर पाहुणे आणि पाहुण्यांत माझे वडील.

अर्जुनाला फेटा बांधला. शाल घातली. मग निवेदकानं पुकारलं की ज्या माउलीनं हा हिरा घडवला तिलाही वर आणा, आणि दोघी-तिघींनी हरणाबाईला हाताला धरून स्टेजवर नेलं. अर्जुनाची आई. आयुष्यात पहिल्यांदा स्टेजवर. तिला कुंकू लावलं, ओटी भरली, हिरवी साडी दिली. ती रडत होती आणि हसत होती. उदयसिंहनं माइक घेतला आणि माझंच वाक्य मोठ्यानं वाचलं. "आमची भगिनी संयोगिता लिवतीया, अर्जुनाला विसाव्याची गरज हाय. मंग ह्यो विसावा आपुन न्हाई द्यायचा तर कुणी?" आता ओझं त्यानं नेमलेली समिती उचलेल, आणि अर्जुनराव आपल्या हातानं किल्ली समितीच्या स्वाधीन करतील. समोर लॅपटॉप ठेवलेलाच होता, फुलं लावून.

अर्जुनानं लॅपटॉपकडे बघितलं. मग आईकडे बघितलं. मग बटण दाबलं. टाळ्या पडल्या. मला वाटलं त्याचं आणि उदयसिंहचं आधी बोलणं झालं असेल, अर्जुनाला खरंच आराम हवा असेल. असं वाटून घेणं सोपं असतं, जेवणाच्या रांगा लागलेल्या असल्या की अजूनच.

संध्याकाळी उदयसिंहचा फोन आला.

"संयू, उद्या तुजं त्ये पत्रक सोडतीस न्हवं? मजकूर धाडलाय बघ. हाय तसा टाक. नव्या आवृत्तीची लिंक बी हाय त्यात. मंगळवारी सकाळी सहाला आवर्तन सुटतंय, समद्या सचिवांनी नवीच लावाय पायजे."

मी मजकूर उघडला. "दादा, ह्यात लिवलंय की अर्जुनानं स्वखुशीनं किल्ली दिली."

"मंग काय डोस्क्याला बंदूक लावली हुती का? आटशे माणसांनी बघितलंय. टाळ्या वाजिवल्यात. तू बी वाजिवल्यास."

"आन ही नवी आवृत्ती येवढ्या घाईनं कशापायी?"

"बारकी दुरुस्ती हाय गं. तुला न्हाई कळायचं."

मला कळतं. रविवारी सकाळी मी कोड उघडून बघितला. ओपन सोर्समध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहते: कोणी केला, कधी केला, कुठली ओळ बदलली. किल्ली मिळाल्यावर समितीनं पहिला बदल शनिवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी केला होता. मांडववाले अजून खुर्च्या उचलत असतील. एकच ओळ. क्रम उलटा. म्हणजे सत्कार, साडी, फेटा, आठशे माणसांचं जेवण, सगळं या एका ओळीसाठी. मी चहा तसाच ठेवला आणि विट्याला एसटी बदलून बाराच्या सुमारास हिवरवस्ती गाठली.

हरणाबाई अंगणात बसून शेजारणींना साडी दाखवत होती. मला बघून म्हणाली, "ये पोरी, बस. ह्यी पोरगी बी हुती तितं, इचारा हिला, किती माणूस हुतं." अर्जुना दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. त्याच्या तोंडावरून कळलं की त्यानंही सकाळी नोंद बघितली आहे आणि आईला सांगितलेलं नाही.

शेजारणी गेल्यावर मी सांगितलं. सरळ सांगितलं, कारण आडून सांगायला मला जमत नाही. मंगळवारचं पाणी आता तोंडापासून सुरू होणार. इथपर्यंत येईल तोवर आवर्तन संपेल.

हरणाबाईचं एक एकर डाळिंब आहे. त्याला आत्ता फुलं आहेत. या आठवड्यात पाणी चुकलं तर फुलं गळणार आणि वर्ष गेलं. हे मला सांगायची गरज नव्हती, तिची नजर आधीच बागेकडे गेली होती.

"म्हंजी मला वर बोलिवली ती याच्यापायी?" ती म्हणाली.

साडीची घडी हातात धरून ती उठली.

"माजी वटी भरली, कुकू लावलं, आन माज्याच बागंचं पानी न्हेलं?"

"आयं, जाऊ दे," अर्जुना म्हणाला.

"तू गप. त्या स्टेजावं न्हाई म्हणाया तुजी जीब झडली हुती व्हय रं?"

"तू शेजारी उबी हुतीस," अर्जुना म्हणाला. "हासत हुतीस. तुला तसं हासताना म्या कवा बघितलंच न्हवतं. तुज्याम्होरं न्हाई कसं म्हणू?"

हरणाबाई पायरीवर बसली. साडीची घडी मांडीवर होती ती तिनं बाजूला सारली. मला त्या क्षणी उदयसिंह समोर हवा होता. मी काय केलं असतं ते लिहीत नाही, पण मवाळ नसतं. आईला हसवून मुलाचा हात धरायचा, हे सुचायला माणूस किती नीच लागतो! आणि हे त्याला सुचलं कारण तो आमच्यातलाच आहे. ओटी भरलेल्या आईसमोर आमच्याकडचा मुलगा नाही म्हणणार नाही, हे परक्याला कळलं नसतं.

मग हरणाबाईनं विचारलं, "पोरी, त्या बातम्या तूच लिवतीस न्हवं?"

"व्हय."

"त्या समद्या गावांत वाचत्यात?"

"वाचत्यात. त्यात लिवलेला तक्ताच लावत्यात."

"मंग लिव. काय झालं त्ये समदं लिव. आन माजं बी लिव. हरणाबाईनं साडी घेतली, हासली, म्हून पोरानं किल्ली दिली, आसं लिव."

"मावशी, तुमचं नाव कशाला?"

"निस्तं त्येंचंच लिवशील तर म्हंतील, भांडान हाय. माजं बी लिवलंस तर खरं वाटंल."

अर्जुना आत गेला आणि लॅपटॉप घेऊन आला. किल्ली गेली तरी कोड कोणी नेऊ शकत नाही, तो सगळ्यांचाच आहे. त्यानं शनिवारच्या आधीची प्रत काढली, वेगळ्या जागी ठेवली आणि तिला नाव दिलं 'जुनी पाणपाळी'. दहा मिनिटांचं काम. मग म्हणाला, "ताई, कोड माज्या हातात हाय. पर कुणी कुठला लावायचा त्ये तुज्या पत्रावं हाय. तू घरी काय सांगणार?"

मी एसटीची वेळ बघितली आणि उठले.

पत्र मी परतीच्या एसटीत लिहिलं आणि सांजवेळी घरी पोचण्याआधी पाठवलं. उदयसिंहच्या मजकुरातला एक शब्दही घेतला नाही. शनिवारी काय झालं, चार वाजून दहा मिनिटांनी कुठली ओळ बदलली, हरणाबाईनं सांगितलं ते तिच्याच शब्दांत. मग माझी चूक: विसाव्याचं वाक्य मी लिहिलं, आणि टाळ्याही वाजवल्या. आणि मग हे:

'नव्या क्रमामुळे ज्यांना पाणी सगळ्यात आधी मिळेल त्यांची नावं: भाऊसो, बारा एकर ऊस, माझे वडील. उदयसिंह, नऊ एकर ऊस, माझा चुलत भाऊ. संयोगिता, दोन एकर ऊस, आजीनं नावावर केलेला. ती मीच. ज्यांना बहुतेक मिळणारच नाही: शेवटची सहा गावं. जुनी पाणपाळी खालच्या लिंकवर आहे. कुठला तक्ता लावायचा ते आपण ठरवा.'

पाच वर्षांत पहिल्यांदाच मी पत्राखाली सही केली.

सोमवारी सकाळपासून फोन तापला. काही सचिवांनी शिव्या दिल्या, काहींनी नुसतं 'लावली' एवढंच कळवलं. उदयसिंहनं मला घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं, मग फोन करून म्हणाला, "घरची भाकर खाऊन घरावंच उलाटलीस." मी म्हणाले, "भाकर मी थापती, दादा, तू न्हाई," आणि फोन ठेवला. दुपारपर्यंत एकेचाळीसपैकी पस्तीस गावांनी जुना तक्ता काढला होता.

चार वाजता वडिलांनी मला संस्थेच्या कार्यालयात बोलावलं. टेबलावर दोन तक्ते होते, एक उदयसिंहनं पाठवलेला, एक जुना. वडील पेन हातात घेऊन ताठ बसले होते. ते घरीही तसेच बसतात.

"वाचलं म्या," ते म्हणाले. "पयलंच नाव माजं."

"पयलं पानी तुमचंच हुतं, आबा."

"फौजंत चोवीस वर्सं काडली. आजवर कुणी माज्याकडं बोट दावलं न्हाई. आन माज्या पोरीनं दावायचं?"

"दुसऱ्या कुणी दावलं आसतं तर त्येचा बी तुमी सत्कार केला आसता. शनिवारी तुमी सोफ्यावं बसला हुता, आबा. तुमाला ठावं हुतं का न्हवतं?"

ते खिडकीतून बाहेर बघू लागले. बाहेर आमचाच ऊस.

"उदय म्हणला, पोराला आराम भेटंल."

"आन तुमाला पानी."

त्यावर ते चिडतील असं वाटलं होतं, मला ते हवंही होतं. मला भांडायचं होतं. पण ते चिडले नाहीत. त्यांनी दोन्ही तक्ते शेजारी शेजारी ठेवले, गावांच्या नावांवरून बोट फिरवलं, शेवटच्या ओळीपर्यंत.

"पस्तीस गावांनी जुना काडलाय," ते म्हणाले. "आता म्या नव्यावं सही केली तर कालव्यावं तोंड दावाय जागा न्हाई."

"व्हय."

"त्यापरीस तू पयलं माज्याकडं यायचं हुतंस. घरात सांगायचं हुतंस. चारचौघांत कशापायी?"

"घरात सांगितलं आसतं तर तुमी काय केलं आसतं, आबा?"

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. माझ्या वडिलांचे दोष मला पाठ आहेत, पण ते खोटं बोलत नाहीत.

"उदयचाच लावला आसता," ते म्हणाले, आणि जुना तक्ता पुढं ओढून त्यावर सही केली.